राजापूरची जागा: नाथ पै ते नारायण राणे

तळकोकणच्या लोकसभेच्या जागेचा विषय निघाला की जुनी माणसं हमखास सांगतात, "आमच्याकडून नाथ पै जायचे दिल्लीला, मग दंडवते." चाळिशीच्या आतबाहेरची माणसं तितक्याच ठामपणे सांगतात की ही जागा म्हणजे सेनेचा बालेकिल्ला. दोघांचंही खरं आहे, दोघं वेगवेगळ्या काळाबद्दल बोलतायत एवढंच. १९५७ ते १९८९ या काळात लागोपाठ आठ निवडणुकांत इथून समाजवादी निवडून आले. १९९१ ला काँग्रेस आली. १९९६ पासून मात्र सामना शिवसेना आणि सेनेतून बाहेर पडलेले यांच्याभोवतीच फिरत राहिला.

हे असं का झालं, ते विजयी उमेदवारांची यादी वाचून कळत नाही. मतदारसंघाच्या सीमा कुणी आखल्या, मतं किती वाट्यांत फुटली, मतदार पोटापाण्यासाठी कुठे राहत होता, हे सगळं बघावं लागतं. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इथलं मत गावच्या शाळेतल्या केंद्रावर पडतं, पण ते बऱ्याच अंशी मुंबईत ठरतं. नेतेही मुंबईतच तयार होतात. हे ध्यानात घेतलं की या जागेचा सत्तर वर्षांचा इतिहास बराचसा उलगडतो.

नाव राजापूर, पट्टा सावंतवाडीपर्यंत

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत राजापूर नावाचा मतदारसंघच नव्हता. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा मंडणगडापासून पार सावंतवाडीपर्यंत पसरलेला होता. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. पहिल्या निवडणुकीत या लांबलचक जिल्ह्याच्या दोन जागा होत्या, रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण. उत्तरेतून आझाद हिंद सेनेतले जगन्नाथराव भोसले निवडून आले, दक्षिणेतून मोरेश्वर जोशी. दोघेही काँग्रेसचे.

१९५७ ला दक्षिणेकडच्या जागेला राजापूर हे नाव मिळालं. मतदारसंघाला एखाद्या ठळक गावाचं नाव देतात, त्यावरून पुढे गैरसमज होतात. राजापूर तालुका या पट्ट्याच्या उत्तरेला. देवगड, मालवण, कणकवली, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी हा सगळा मुलूख त्याच्या दक्षिणेला. म्हणजे 'राजापूरचे खासदार' असं आपण म्हणायचो तेव्हा ते मुख्यतः आजच्या सिंधुदुर्गाचे खासदार असायचे.

लाटेत न वाहिलेली जागा

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या ऐन भरात झाली. आदल्या वर्षी द्विभाषिक मुंबई राज्य लादलं गेलं होतं, लोक चिडलेले होते, आणि काँग्रेसविरोधी पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र आले होते. अशा वेळी वेंगुर्ल्यात जन्मलेला, बेळगावात वाढलेला, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला पस्तिशीचाही न झालेला तरुण राजापूरमधून उभा राहिला. बॅरिस्टर नाथ पै. पक्ष प्रजासमाजवादी, चिन्ह झोपडी. विद्यमान खासदार मोरेश्वर जोशींना हरवून ते लोकसभेत गेले.

यात नवल काही नाही, असं कुणी म्हणेल. त्या वर्षी पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात समितीची हवाच होती. खरी कसोटी पुढच्या निवडणुकीत लागली. १९६० ला महाराष्ट्र झाला, मागणी पूर्ण झाली, समितीत फाटाफूट झाली. १९६२ ला काँग्रेसने राज्यातल्या ४४ पैकी ४१ जागा जिंकल्या. उरलेल्या तिनांत एक होती राजापूर. १९६७ ला नाथ पै तिसऱ्यांदा निवडून आले.

हाच आकडा पुढे दोनदा जवळपास तसाच दिसतो. १९७१ च्या इंदिरा लाटेत काँग्रेसला महाराष्ट्रात ४५ पैकी ४२ जागा मिळाल्या. राजापूर समाजवाद्यांकडेच राहिलं. १९८४ ला इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या निवडणुकीत ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसला. राजापूर पुन्हा बाहेर. पंचवीसेक वर्षांत तीन प्रचंड लाटा आल्या, आणि तिन्ही वेळा ही जागा हलली नाही. महाराष्ट्रात असं दुसरं उदाहरण मला दिसत नाही.

याचं श्रेय आपण माणसांना देतो, आणि ते रास्तही आहे. नाथ पैंचं एकच काम सांगतो. फेब्रुवारी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने निकाल दिला की संसदेला मूलभूत हक्कांत कपात करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. नाथ पैंनी त्यावर खासगी विधेयक आणलं: लोकांनी निवडून दिलेल्या संसदेला राज्यघटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार असला पाहिजे. खासगी विधेयकं सहसा चर्चेपुरतीच उरतात. यावर देशभर वाद झाला. ते त्यांच्या हयातीत मंजूर झालं नाही, पण १९७१ च्या अखेरीस सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती केली ती याच दिशेने. विरोधी बाकावरच्या, लहानशा पक्षाच्या, तळकोकणातल्या खासदाराने देशाच्या घटनेवरचा वाद हलवला, ही साधी गोष्ट नाही.

१९७१ चा तो प्रसंग जरा जवळून बघण्यासारखा आहे. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा बरखास्त झाली, मतदान मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून. १७ जानेवारीला बेळगावात सीमालढ्याच्या हुतात्म्यांना आदरांजली वाहणारी सभा होती. नाथ पैंचं हृदय आधीच दुखणाईत होतं, तरी ते बोलले. दुसऱ्या दिवशी, १८ जानेवारी १९७१ ला ते गेले. वय ४८. निवडणूक अवघ्या दीड महिन्यावर, समोर इंदिरा गांधींची लाट, आणि पक्षाकडे उमेदवार नाही. त्या वेळी विधान परिषदेत असलेले, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेले प्राध्यापक मधु दंडवते यांना उभं करण्यात आलं. जन्म अहमदनगरचा, कर्मभूमी मुंबई. तळकोकणात त्यांचं ना घर, ना जमीन, ना भावकी. तरी ते निवडून आले. आणि त्यानंतर १९७७, १९८०, १९८४, १९८९ असे आणखी चार वेळा.

या पाच विजयांत त्यांची चिन्हं तीन होती. पहिल्यांदा झोपडी. १९७७ ला जनता पक्ष घाईघाईत भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढला, म्हणून चक्रातला नांगरधारी शेतकरी. १९८९ ला जनता दलाचं चक्र. पक्ष मोडला, जुळला, पुन्हा मोडला, तरी मतदाराने नवीन चित्र शोधून त्यावर शिक्का मारला. तेव्हा मतपत्रिका होत्या. गावोगाव फिरून नवं चिन्ह समजावून सांगणारा कार्यकर्ता असल्याशिवाय हे जमत नाही, आणि आता या कार्यकर्त्याकडेच यायला हवं.

खोली, मनीऑर्डर आणि मत

तळकोकणात शेती थोडी, ती डोंगरउतारावरची आणि पावसावरची. वर्षभर पुरेल एवढं भात बहुतेकांकडे होत नसे. खोतीची पद्धत स्वातंत्र्यानंतर कायद्याने गेली, पण जमिनीचे तुकडे तेवढेच राहिले. त्यामुळे घरटी एक तरी पुरुष मुंबईला. गिरणीत, गोदीत, बेस्टमध्ये, हॉटेलात. लालबाग-परळला गावाची म्हणून एक खोली असायची. दहा बाय बाराच्या त्या खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस जण राहायचे. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच वळकट्यांवर झोपायची. गावी महिन्याला मनीऑर्डर जायची आणि मनीऑर्डरच्या तळच्या चिठोऱ्यावर चार ओळी. गणपतीला आणि शिमग्याला माणसं गावी यायची.

ही माणसं मुंबईत युनियनच्या सभांना जायची. त्या युनियन कम्युनिस्टांच्या होत्या, समाजवाद्यांच्या होत्या. मिल मजदूर सभा समाजवाद्यांची, बेस्ट आणि महापालिका कामगारांत जॉर्ज फर्नांडिसांचं बस्तान. गावात समाजवाद्यांच्या राष्ट्र सेवा दलाचा शिक्षक आणि मुंबईत युनियनचा कार्यकर्ता, असं हे दुहेरी जाळं होतं. उमेदवार कोण, चिन्ह कोणतं, हे गावात पोचायच्या आधी खोलीत ठरलेलं असायचं. खोलीतून चिठ्ठी यायची, आणि गावातल्या बायका, म्हातारी माणसं त्याप्रमाणे मत द्यायची. 'त्याप्रमाणे' म्हणताना मला त्या बायकांची अक्कल कमी लेखायची नाही. घरात बाई एकटी शेती, गुरं, पोरं सांभाळत होती, आणि पोराबाळांचं नशीब मुंबईतल्या त्या नोकरीशी बांधलेलं होतं. गिरणीतल्या माणसाचं हित ते घराचं हित, इतका तो सरळ हिशेब होता.

इथे कायद्याचा एक मुद्दा समजून घेतला पाहिजे, कारण दर निवडणुकीला चाकरमान्यांच्या मतांवरून वाद होतो. मतदार म्हणून नाव कुठे लागतं? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथे. गावात घर आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, एवढ्यावर मतदार होता येत नाही. कायद्याच्या कलम २० मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. उलट, काही काळ बाहेरगावी गेला म्हणून कुणाचं नाव कापताही येत नाही. आणि एकाच वेळी दोन मतदारसंघांत नाव ठेवणं बेकायदा आहे. प्रत्यक्षात बायकामुलं गावी ठेवून मुंबईत खोलीवर राहणारा गिरणी कामगार नक्की कुठला रहिवासी, याचं उत्तर सोपं नव्हतं. कुणाचं नाव इथे राहिलं, कुणाचं तिथे. पण मत कुठेही असो, त्याचा शब्द गावात चालायचा.

याचा एक परिणाम आकड्यांत दिसतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया होत्या. राज्यात सगळ्यात जास्त. सिंधुदुर्गातही स्त्रियाच जास्त. म्हणजे या मतदारसंघाच्या यादीत बायकांचं पारडं जड आहे. असं असून राजापूर किंवा रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आजवर एकही स्त्री लोकसभेत गेलेली नाही. शेजारच्या जुन्या रत्नागिरी मतदारसंघाने १९६२ आणि १९६७ ला शारदा मुखर्जींना पाठवलं होतं. प्रमिला दंडवते १९८० ला खासदार झाल्या त्या मुंबईतून. ज्या मुलखात घर, शेती आणि मतदान बायकांनी चालवलं, तिथे उमेदवारी देताना एकाही मोठ्या पक्षाने त्यांचा गंभीरपणे विचार केला नाही, याची मला खंत वाटते.

रेल्वे आणली, जागा गेली

दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांचा फोम त्यांच्या काळात आला. १९७४ च्या संपात कामावरून काढलेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत घेतलं. आणि आपटा ते रोहा या मार्गाला मंजुरी दिली. कोकणात रेल्वे उतरण्याची ती पहिली पायरी. नाथ पै हा विषय संसदेत मांडत आलेले होते.

मोठं पाऊल पडलं विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारात. दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. पैशाअभावी अडलेलं काम सोडवायला त्यांनी वेगळा रस्ता काढला: रेल्वे खातं आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ ही चार राज्यं मिळून स्वतंत्र महामंडळ, आणि बाकी पैसा रोख्यांतून. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. १९९८ च्या २६ जानेवारीला सबंध मार्ग सुरू झाला. पण १९९१ च्या निवडणुकीत दंडवते पडले होते. काँग्रेसचे, लष्करी सेवेतून आलेले सुधीर सावंत निवडून आले.

"एवढं करून लोकांनी पाडलं" ही हळहळ कोकणात आजही ऐकू येते. पण लोकांनी पाडलं, म्हणजे नक्की काय झालं?

आपल्याकडे ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो विजयी. निम्म्याहून जास्त मतं मिळायला हवीत असं बंधन नाही. समजा १०० मतं आहेत. काँग्रेसला ४० आणि विरोधकाला ६० मिळत असतील तर विरोधक जिंकतो. पण त्याच ६० मतांत दोन उमेदवार उभे राहिले आणि ती ३५ आणि २५ अशी वाटली गेली, तर ४० वाला काँग्रेसवाला निवडून येतो. त्याचं एकही मत वाढलेलं नसतं. (हे आकडे नुसते समजण्यापुरते, त्या निवडणुकीचे नव्हेत.) राजापूरमध्ये चौतीस वर्षं काँग्रेसविरोधी मत एकाच दाराशी येत होतं. १९९० च्या आसपास दुसरं दार उघडलं: शिवसेना.

सेना जन्मली १९६६ ला, मुंबईत. पहिली वीस वर्षं ती मुंबई-ठाण्याबाहेर फारशी गेलीच नाही. १९८५ ला मुंबई महापालिका जिंकल्यावर तिने राज्यात हातपाय पसरले. १९९० च्या विधानसभेत ५२ जागा आल्या. त्यात मालवणमधून निवडून आलेले एक होते नारायण राणे, मुंबईत चेंबूरचे नगरसेवक आणि बेस्ट समितीचे अध्यक्ष राहिलेले.

आता गिरणगावाकडे परत बघा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या हळूहळू बंद पडत गेल्या. हजारो कोकणी माणसं गावी परतली, काही मुंबईतच मिळेल ते काम करत राहिली. गिरणी गेली तशी युनियन गेली. गिरणी कामगाराच्या मुलाला युनियन ठाऊक नव्हती, सेनेची शाखा ठाऊक होती. दाखला, नोकरी, दवाखाना, भांडण, काहीही असलं तरी तो शाखेत जायचा. गणपतीला गावी येताना आता तो सेनेची भाषा घेऊन यायला लागला. माझ्या मते राजापूरचा निकाल बदलला तो इथे. समाजवाद्यांचा विचार कोकणाला अचानक नकोसा झाला असं नव्हे. तो विचार गावापर्यंत वाहून आणणारी मुंबईतली व्यवस्थाच मोडली, आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली. हिंदुत्व, मंदिराचं आंदोलन, राजीव गांधींच्या हत्येनंतरची सहानुभूती, ही कारणंही होतीच. त्या वर्षी राज्यात काँग्रेसला ४८ पैकी ३८ जागा मिळाल्या. पण १९८४ ची याहून मोठी लाट ज्या मतदारसंघाने परतवली, तो १९९१ ला का वाहून गेला, याचं उत्तर लाटेत सापडत नाही.

१९९६ ला काँग्रेसविरोधी मत पुन्हा मुख्यतः एका दाराशी आलं, आणि ते दार सेनेचं होतं. सनदी लेखापाल, सारस्वत बँकेचे अध्यक्ष राहिलेले सुरेश प्रभू निवडून आले. १९९८, १९९९, २००४ लाही तेच. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात त्यांनी पर्यावरण, मग ऊर्जा अशी खाती सांभाळली. २००२ ला पक्षाच्या आदेशावरून मंत्रिपद सोडलं. पुढे भाजपमध्ये जाऊन २०१४ ला ते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा मात्र राज्यसभेतून.

नकाशा बदलला

लोकसंख्या सरकत राहते, म्हणून ठरावीक काळाने मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखतात. याला परिसीमन किंवा मतदारसंघांची पुनर्रचना म्हणतात. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००१ ची जनगणना धरून हे काम केलं आणि २००८ पासून नवे मतदारसंघ लागू झाले. राज्याच्या एकूण जागा ४८ च राहिल्या. फक्त राज्याच्या आत त्या लोकसंख्येप्रमाणे सरकवल्या.

यात कोकणाचा तोटा झाला. कामाला गेलेली आणि तिकडेच स्थिरावलेली कोकणी कुटुंबं मुंबई, ठाणे, नालासोपारा, डोंबिवलीत मोजली गेली. तिकडच्या जागा वाढल्या, इकडच्या कमी झाल्या. रत्नागिरी जिल्ह्यात विधानसभेच्या सात जागा होत्या, त्या पाच झाल्या. सिंधुदुर्गात चार होत्या, तीन झाल्या. राजापूर आणि रत्नागिरी हे लोकसभेचे दोन्ही जुने मतदारसंघ मोडले. दापोली आणि गुहागर रायगडला जोडले; चिपळूण, रत्नागिरी, राजापूर हे तीन आणि कणकवली, कुडाळ, सावंतवाडी हे तीन मिळून रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा नवा मतदारसंघ झाला. चिपळूणचा माणूस आणि बांद्याचा माणूस यांचा खासदार एक झाला. मधे दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर, बोली वेगळी, बाजारपेठ वेगळी.

२००५ ला राणे सेना सोडून काँग्रेसमध्ये गेले होते. त्यामुळे नव्या मतदारसंघातली पहिली लढत, २००९ ची, सेना विरुद्ध माजी सेना अशीच झाली. राणेंचे चिरंजीव निलेश राणे काँग्रेसकडून उभे राहिले आणि त्यांनी प्रभूंना सुमारे ४७ हजार मतांनी हरवलं. २०१४ ला मोदी लाटेत सेनेच्या विनायक राऊतांनी निलेश राणेंना दीड लाखाने पाडलं. हे राऊतही मुंबईतच घडलेले, विलेपार्ल्याचे माजी आमदार. २०१९ ला राणे कुटुंबाचा स्वतःचा महाराष्ट्र स्वाभिमान पक्ष होता. राऊतांची आघाडी वाढून १ लाख ७८ हजारांवर गेली.

मग जून २०२२ ला सेनाच फुटली. धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेला, ठाकरे गटाला मशाल मिळाली. महायुतीत ही जागा भाजपने घेतली आणि स्वतः नारायण राणे उभे राहिले. परिणामी ७ मे २०२४ ला मतदान यंत्रावर धनुष्यबाण नव्हताच, १९९६ नंतर पहिल्यांदा. राणेंना ४,४८,५१४ आणि राऊतांना ४,००,६५६ मतं मिळाली. फरक ४७,८५८. या जागेवर कमळ पहिल्यांदा निवडून आलं.

हा निकाल विधानसभानिहाय उघडून बघितला की गंमत वाटते. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या सिंधुदुर्गातल्या तिन्ही ठिकाणी राणे पुढे. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर या रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिन्ही ठिकाणी राऊत पुढे. जिल्ह्याची सीमा जशीच्या तशी मतांत उमटली. रत्नागिरीचे आमदार महायुतीचे मंत्री असूनही तिथे राऊतांनाच आघाडी मिळाली. राजापूर तालुक्यात जैतापूरचा अणुप्रकल्प, नाणारची आणि नंतर बारसूची रिफायनरी यांवरून वर्षानुवर्षं संघर्ष चाललाय. जमिनीची, आंबा-काजूची आणि मासेमारीची काळजी तिथे खरी आहे. २०२४ ला राणे मोठ्या प्रकल्पांच्या बाजूचे होते. सिंधुदुर्गात मात्र राणेंचं पस्तीस वर्षांचं घरोघरचं जाळं आहे, आणि अवघड प्रसंगी ते उपयोगी पडतं असं तिथले विरोधकही सांगतात. २००८ ला दोन वेगळे स्वभाव एका मतदारसंघात बांधले गेले, त्याची शिवण २०२४ ला दिसली.

आपल्या गावाने काय केलं हे ज्याला बघायचं असेल त्याने फॉर्म २० शोधावा. प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं, हे त्यात केंद्रनिहाय छापलेलं असतं, आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे तो उपलब्ध असतो. विजयी मिरवणुकीपेक्षा आणि वर्तमानपत्रातल्या मथळ्यापेक्षा त्या कंटाळवाण्या तक्त्यातून जास्त कळतं. कुठल्या वाडीतलं केंद्र एकगठ्ठा गेलं, कुठे मतं समान वाटली गेली, कुठे मतदानालाच माणसं नव्हती. रिकाम्या घरांची गावं त्या तक्त्यात लगेच ओळखू येतात.

ती रिकामी घरंच पुढच्या वेळी निर्णायक ठरतील. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढली नाही, घटली. ८४ व्या घटनादुरुस्तीप्रमाणे राज्याराज्यांतल्या जागांची नवी वाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आकड्यांवर व्हायची आहे, आणि त्या जनगणनेसाठी सरकारने १ मार्च २०२७ ही तारीख धरली आहे. निव्वळ डोकी मोजली तर तळकोकणाचा वाटा आणखी आक्रसेल आणि मतदारसंघ आणखी लांबट होईल. परिसीमन आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जनसुनावण्या घेतो. अंतिम आदेश निघाल्यावर मात्र त्याला न्यायालयात आव्हान देणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून चिपळूण कुणाबरोबर, दोडामार्ग कुणाबरोबर, यावर ज्याला काही म्हणायचं असेल त्याने ते मसुद्याच्या वेळीच, लेखी, ग्रामपंचायतीच्या ठरावासकट म्हणायला हवं. आणि या खेपेला मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनीही त्या सुनावण्यांना हजर राहावं.